हजेरी किती?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जायला निघालो होतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल तालुक्यातलं सोमनाथ आणि महिना मे. माझे अब्बा पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार बाजारात हमाल होते. आम्ही घरात दखनी बोलतो. पण कामाची गोष्ट निघाली, की अब्बा मराठीवर यायचे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हजेरी किती?"

मी म्हटलं, "हजेरी नाही. उलट जाण्या-येण्याचं भाडं आपलंच."

अब्बा हसले. म्हणाले, "मग आमच्या गाळ्यावर ये की! इथं वाराई तरी मिळते."

श्रोतेहो, तेव्हा मला त्या बोलण्याचा राग आला होता. आज वाटतं, परक्या गावात जाऊन फुकट राबणाऱ्या माणसाला विचारावा असा तोच पहिला प्रश्न आहे. या फुकट राबण्याचा एक इतिहास आहे आणि तो आपल्या वरोऱ्यापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

त्याची सुरुवात झाली फ्रान्समध्ये. पहिल्या महायुद्धात व्हर्दूनच्या परिसराची राखरांगोळी झाली होती. १९२० साली पिएर सेरेसोल नावाचा एक स्विस इंजिनिअर तिथल्या एन या गावी काही सोबत्यांना घेऊन गेला. त्याचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले; पण मुलगा फावडं घेऊन पडलेली घरं उभारायला निघाला. त्याच्या तुकडीत जर्मन तरुणही होते. ज्यांच्या सैन्यानं गाव उद्ध्वस्त केलं, त्यांच्यातल्याच काहींनी ते बांधायला यायचं, अशी ती कल्पना. पण जखम ओली होती. जर्मन माणसं नकोत म्हणून विरोध झाला आणि काही महिन्यांतच काम आवरतं घ्यावं लागलं. यातून जी संघटना पुढे आकाराला आली, तिचं नाव सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल. बोलणं नको, कृती हवी, हे तिचं ब्रीद.

१९३१च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडला थांबले, तेव्हा त्यांची आणि सेरेसोलची गाठ पडली. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला. मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती. सेरेसोल बोटीनं हिंदुस्थानात आला, त्यांना भेटला आणि नंतर मोजके सोबती घेऊन मुझफ्फरपूरच्या बाजूला कामाला लागला. १९३७ पर्यंत त्याच्या फेऱ्या चालू होत्या. तिथं वसवलेल्या एका गावाला शांतिपूर असं नाव पडलं.

इथं अब्बांचा प्रश्न मला आठवतो. चार-पाच गोरी माणसं गावं बांधू शकत नाहीत. बिहारातल्या उन्हाची सवय नाही, भाषा येत नाही. माती कालवली, बांबू तोडले, छपरं चढवली ती तिथल्याच कष्टकऱ्यांनी. मग सेरेसोलनं काय केलं? ज्या काळात गोरा साहेब फक्त हुकूम सोडायचा, त्या काळात एक गोरा माणूस घमेलं उचलून रांगेत उभा राहिला. माझ्या मते त्याची खरी मजुरी ही.

आता आपल्या वरोऱ्याकडे येऊ. बाबा आमटे वकील, वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून ज्यांनी डोक्यावरून मैला वाहिला, असा हा माणूस. १९५१ साली सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर त्यांनी आणि साधनाताईंनी खडकाळ माळावर आनंदवन सुरू केलं. वरोरा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. रोग्यांनी झडलेल्या बोटांनी विहीर खणली, शेत केलं, भाजी पिकवली. भाजी उत्तम आली. पण गावात तिला गिऱ्हाईक नव्हतं. कुष्ठरोग्याच्या हातची भाजी घेणार कोण?

अशात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे स्वयंसेवक आनंदवनात आले. छत्तीस देशांतले पन्नासेक तरुण-तरुणी होते, असं आनंदवनाच्या इतिहासात सांगितलं जातं. ते सुमारे तीन महिने राहिले. कुष्ठरोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी दवाखान्यासाठी विटांच्या इमारती उभ्या केल्या आणि आनंदवनात पिकलेलंच अन्न खाल्लं. वरोऱ्याचे लोक हे पाहत होते. परदेशातली शिकलीसवरली मुलं ही भाजी खातात आणि त्यांना काही होत नाही, हे दिसल्यावर बाजारात आनंदवनाची भाजी विकली जाऊ लागली.

मी या गोष्टीपाशी नेहमी थांबतो. एका बाजूनं ती सुंदर आहे, दुसऱ्या बाजूनं बोचरी. आपल्या माणसाच्या हातची भाजी खायला आपल्याला परक्याची साक्ष लागली! पण त्या तरुणांचं मोठेपण यानं कमी होत नाही. विटा रचायला गवंडी मिळाला असता. रोग्याच्या पंगतीला बसणारा माणूस मजुरीवर मिळत नव्हता.

सगळीकडे असं घडत नाही. टांझानियात शाळकरी मुलींचा गट ग्रंथालय बांधायला गेला. त्यांनी दिवसा रचलेल्या विटा गावातल्या माणसांना रात्री काढून पुन्हा नीट रचाव्या लागत. त्या गटातल्याच एका अमेरिकी मुलीनं २०१४ साली हा अनुभव प्रांजळपणे लिहिला. अब्बा हे ऐकून म्हणाले असते, "ज्याला थप्पी लावता येत नाही, त्यानं पोत्याला हात लावू नये."

मार्केट यार्डात वाढल्यामुळे मला आणखी एक बाजू दिसते. ज्याच्याजवळ पाठीशिवाय दुसरं भांडवल नाही, त्याला श्रमदान हा शब्द सहजी पचत नाही. शंभर किलोचं पोतं वाहणाऱ्या हमालानं दान कशाचं करायचं? म्हणून डॉ. बाबा आढावांनी हमालांना आधी हक्क शिकवला. हमाल पंचायत उभी राहिली, १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू झाली. २०२५च्या डिसेंबरात बाबा गेले, तेव्हा मला वाटलं, आमच्या घरातलं वडीलधारं माणूस दुसऱ्यांदा गेलं.

सोमनाथहून परतलो, तेव्हा माझ्या तळहातांना फोड आले होते. अब्बांनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. त्यांचा स्वतःचा तळवा लाकडासारखा घट्ट होता. म्हणाले, "आठ दिवसांत एवढंच होतं. पण आता कोणाशी मजुरीची घासाघीस करशील, तेव्हा हे आठवेल."

मजूर दिसला, की घाम वाळायच्या आत त्याचे पैसे द्यावेत, हे त्यांनी मशिदीत ऐकलं होतं आणि बाजारात अनेकदा मोडलेलं पाहिलं होतं. परक्या गावी राबून आलेल्याला हजेरी मिळत नाही, हे खरं. पण घरी आल्यावर तो दुसऱ्याची हजेरी बुडवत नसेल, तर त्याचं जाणं फुकट गेलं नाही, एवढं मला त्या दिवशी समजलं.