मिठाच्या पोटची दोघं

पेण असो की रोहे, पावसाआधी घराला रंग द्यायचं ठरलं की हार्डवेअरच्या दुकानातून दोन वस्तू हमखास घरी येतात. एक प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पिवळसर ॲसिड, दुसरी पांढऱ्या पापुद्र्यांची कॉस्टिक. टाइलवरचे सिमेंटचे डाग पहिल्याने निघतात, दारावरचा जुना ऑइलपेंट दुसरीने. स्वभाव एकदम उलटे, पण दोघांचं मूळ एकच, मीठ. धरमतर खाडीच्या काठाला उधाणाचं पाणी आगरात कोंडून, उन्हात आटवून पेण तालुक्यात पिकत आलेलं साधं मीठ.

कॉस्टिक येण्याआधी घरात क्षार नव्हता असं मुळीच नाही. पेणच्या पापडांत पडणारा पापडखार त्याच कुळातला, फक्त सौम्य. भांड्यांना चुलीतली राख होती, कपड्यांना धुण्याचा सोडा. भिंतीला मात्र यांतलं काही लागत नसे, कारण भिंतच वेगळी होती. चुन्याच्या भिंतीला वर्षाकाठी चुन्याचाच हात मारायचा. सुटलेले पोपडे खरवडले, भिंत ओली केली, की नवा चुना जुन्याला धरतो. जहाल रसायनाची वेळ आणली ती सिमेंट, गुळगुळीत टाइल आणि तेलाचा रंग या तिघांनी. हे तिघे घरात शिरले नसते तर ॲसिडची बाटली सोनाराच्या पेढीवरच राहिली असती.

बाटलीची जन्मकथा तशी बदनामच आहे. १७९१ साली निकोला लेब्लां या फ्रेंच वैद्याने मिठापासून सोडा बनवण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. मिठावर गंधकाम्ल ओतायचं, मग कोळसा आणि चुनखडी घालून भट्टीत भाजायचं. पहिल्याच पायरीला हायड्रोक्लोरिक वायू सुटे, आणि विलायतेतले कारखानदार तो सरळ धुराड्यातून आभाळात सोडून देत. आसपासची झाडं जळाली, शेतं करपली, लोक कोर्टात गेले. शेवटी १८६३ च्या अल्कली कायद्याने किमान ९५ टक्के वायू अडवणं सक्तीचं केलं. वायू पाण्यात जिरवला की त्याचं ॲसिड होतं. म्हणजे मागणी नसताना कारखानदारांच्या गळ्यात ॲसिडचे हौद पडले, आणि मग त्यांना गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं. ब्लीचिंग पावडरीचा धंदा वाढला त्यामागे हे ॲसिड होतं. आजही बरंचसं ॲसिड दुसऱ्याच रसायनांच्या निर्मितीत आपसूक तयार होतं. ते इतकं स्वस्त का, याचं उत्तर यात आहे.

पुढे १८९० च्या दशकात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक काढण्याची रीत रुळली. एका टोकाला कॉस्टिक आणि हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला क्लोरीन. हायड्रोजन क्लोरीनमध्ये जाळून पाण्यात जिरवला की झालं ॲसिड. मिठातलं सोडियम एकाच्या वाट्याला, क्लोरीन दुसऱ्याच्या.

या रसायनांना वीज आणि पाणी भरपूर लागतं. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत कुंडलिकेच्या आधाराने उभी राहिली, आणि त्या नदीला पाणी पुरवतं ते १९२७ मध्ये सुरू झालेलं भिऱ्याचं टाटांचं वीज केंद्र. पुण्यात १९५१ साली स्थापन झालेल्या सुदर्शन केमिकलचा रंगद्रव्यांचा कारखानाही रोह्यातच आहे. गंमत अशी की ॲझो जातीची पिवळी-लाल रंगद्रव्यं बनवताना एका पिंपात ॲसिड लागतं आणि दुसऱ्यात कॉस्टिक. जुना रंग उतरवणारी ही जोडी नव्या रंगाच्याही जन्माला हजर असते.

त्यांचं काम चालतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. ऑइलपेंट म्हणजे वाळलेलं तेल. कॉस्टिक त्या तेलाचा साबण करून टाकते, म्हणून रंग बुळबुळीत होऊन पत्र्याने खरवडता येतो. त्यानंतर पाण्याने नीट धुतलं नाही तर वर लावलेला नवा ऑइलपेंटही साबण होऊ लागतो. रंगाऱ्याला शिव्या बसतात त्या बऱ्याचदा या आळसापायी. ॲल्युमिनियमच्या खिडकीवर कॉस्टिक सांडली तर धातूच खाते. ॲसिडचा रोख चुन्यावर. सिमेंटचा थर फसफसून सुटतो. पण शहाबादी फरशी आणि कडाप्पा हे दोन्ही चुनखडीचेच दगड, तेही तसेच फसफसतात आणि त्यांची झिलई कायमची जाते. ‘जरा ॲसिड मारा, चकाचक होईल’ म्हणणारे शेजारी हे सांगत नाहीत.

तिसरं भावंडही घरात असतं, ब्लीच. क्लोरीन कॉस्टिकमध्ये जिरवून ते बनतं, आणि त्यावर ॲसिड पडलं की तोच क्लोरीन मोकळा होतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला होता तो हाच वायू. बंद न्हाणीघरात संडास-मोरी धुताना ही दोन्ही एकत्र ओतणारे आजही भेटतात.

माणसांच्या तोंडावर ॲसिड फेकण्याच्या गुन्ह्यांमुळे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये खुल्या विक्रीला लगाम घातला: घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, कारण विचारायचं, वहीत नोंद करायची, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही.

खाडीकाठच्या घरांत मात्र ॲसिडचं आणखी एक दुखणं आहे. खारपट्ट्यातल्या भिंतींवर पांढरं मीठ फुटतं, गिलावा भुसभुशीत होतो, आणि पुष्कळजण त्यावर ॲसिड मारतात. डाग तेवढ्यापुरता जातो. पण ॲसिड चुन्याशी मिळून कॅल्शियम क्लोराइड बनतं, आणि तो हवेतली ओल ओढून घेणारा क्षार. त्यातला क्लोराइड आतल्या सळईपर्यंत पोचला की गंज धरतो. अशा भिंतीला आधी ओल कुठून येते ते शोधून ती बंद करावी, मीठ कोरड्या ब्रशने झाडून खाली कागदावर धरावं, पोकळ गिलावा काढावा आणि उन्हाळाभर भिंत वाळू द्यावी. प्रायमर आणि लांबी त्यानंतर.