मोठ्या ऑपरेशननंतर कपडे कसे असावेत?

वराळ्याहून तळेगावला किंवा पुण्याला जाऊन मोठं ऑपरेशन झालं, पेशंट घरी आला, की औषधांची चौकशी सगळेच करतात. कपड्यांची कुणी करत नाही.

बायपासमध्ये छातीचं हाड कापलेलं असतं. ते जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. तोवर हात वर करून डोक्यातून कुर्ता घालू नये. समोर बटणं असलेला शर्ट किंवा पुढून चेन असलेला अबाया बरा. पिना लावायच्या स्कार्फऐवजी मऊ दुपट्टा घ्या, तोही घरातल्या कुणीतरी डोक्यावर घालून द्यावा.

पोटाच्या ऑपरेशननंतर, सिझेरियन असलं तरी, सलवारची नाडी किंवा इलॅस्टिक टाक्यांवर येता कामा नये. त्यापेक्षा सैल सुती मॅक्सी चांगली. पुरुषांना लुंगी सोयीची, पण घोट्याच्या वरच नेसावी. पायात अडकून पडलात तर नवीन दुखणं. पायाचं ऑपरेशन असेल तर दुखऱ्या पायात कपडा आधी घालायचा, काढताना शेवटी.

मावळच्या पावसात कपडे वाळतच नाहीत. दमट कपडा टाक्यांवर नको, इस्त्री फिरवून कोरडा करा. नमाज बसून किंवा पडूनही अदा होते, तेव्हा सतर झाकेल असा सैल कपडा पुरे. कपड्याला पू किंवा ताजं रक्त लागलेलं दिसलं, तर धुण्याआधी डॉक्टरांना कळवा.