अल्पशर्करारक्तता, मधुमेहातील

रक्तातील ग्लुकोजाचे (द्राक्षशर्करेचे) प्रमाण स्वाभाविक मर्यादेच्या खाली गेल्याने उद्‌भवणाऱ्या अवस्थेस अल्पशर्करारक्तता म्हणतात. घाम सुटणे, हातापायांस कंप, छातीत धडधड, एकाएकी तीव्र भूक, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळ, वर्तनातील बदल आणि अखेरीस झटके व बेशुद्धी ही तिची लक्षणे होत. मधुमेही रुग्णाच्या दर १०० मिलि. रक्तद्रवात ७० मिग्रॅ.पेक्षा कमी ग्लुकोज आढळल्यास ती सावधगिरीची पातळी व ५४ मिग्रॅ.पेक्षा कमी आढळल्यास ती गंभीर पातळी मानण्याचा संकेत २०१७ पासून रूढ झाला आहे. मधुमेह हा रक्तशर्करा वाढण्याचा विकार असल्यामुळे त्यात शर्करा घटून त्रास व्हावा, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु मधुमेह्यांतील ही अवस्था बहुतांशी रोगापासून नव्हे, तर त्यावरील उपचारांपासून उद्‌भवते. त्यामुळे तिचा इतिहास हा मधुमेहाच्या उपचारांचाच इतिहास आहे.

पूर्वकाल : प्राचीन वैद्यकास शर्करावृद्धीचा परिचय होता. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत रुग्णाच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आकर्षित होतात, असा उल्लेख आहे. शर्करान्यूनतेचे स्वरूप मात्र रक्तातील ग्लुकोज मोजण्याच्या पद्धती उपलब्ध होईपर्यंत अज्ञात राहिले. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यकृत रक्तात शर्करा सोडते, हे दाखवून दिले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फ्रँक मॅन यांनी १९२१ च्या सुमारास कुत्र्यांचे यकृत काढून टाकण्याचे प्रयोग केले. काही तासांत ही जनावरे दुर्बळ होत, त्यांना झटके येत व ती मृत्युपंथास लागत. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज दिल्यास ती थोड्याच वेळात उठून उभी राहत. शर्करेच्या केवळ अभावाने प्राण जाऊ शकतो, हे या प्रयोगांनी सिद्ध झाले.

इन्शुलीनचा शोध : फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जे. जे. आर. मॅक्लाउड व जेम्स कॉलिप यांनी टोराँटो येथे १९२१-२२ मध्ये अग्निपिंडाचा परिणामकारक अर्क तयार केला व जानेवारी १९२२ मध्ये तो रुग्णास प्रथम टोचण्यात आला. त्याच सुमारास कॉलिप यांना अर्क टोचलेल्या सशांना झटके येऊन ते बेशुद्ध पडतात व ग्लुकोज दिल्यास सावरतात, असे आढळले. पुढे औषधाचे मापही याच परिणामावरून ठरले. सु. २ किग्रॅ. वजनाच्या उपाशी सशाची रक्तशर्करा ठराविक वेळात दर १०० मिलि.स ४५ मिग्रॅ.पर्यंत, म्हणजे झटके येण्याच्या पातळीपर्यंत, उतरविणारी मात्रा ती प्रारंभी एक एकक मानली गेली. औषधाची शक्ती आणि त्याचा धोका ही अशा रीतीने आरंभापासूनच एका मापात बांधली गेली होती. [⟶ इन्शुलीन].

टोराँटोमधील फ्लेचर व कँबेल या वैद्यांनी १९२२ मध्येच रुग्णांतील लक्षणांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९२४ मध्ये सील हॅरिस यांनी इन्शुलीन न घेणाऱ्या व्यक्तींतही अशी लक्षणे आढळू शकतात, असे प्रतिपादन केले. केवळ लक्षणांवरून निदान करण्याचा धोका ओळखून ॲलन व्हिपल यांनी १९३८ मध्ये तीन कसोट्या मांडल्या : लक्षणे असणे, त्याच वेळी रक्तशर्करा कमी आढळणे आणि ग्लुकोज दिल्यावर लक्षणे नाहीशी होणे. अग्निपिंडाच्या अर्बुदांकरिता मांडलेले हे ‘व्हिपल त्रिक’ आजही निदानाचा आधार आहे.

लक्षणांची कारणमीमांसा : मेंदूत ग्लुकोजाचा साठा जवळजवळ नसतो व त्याला रक्तातून होणाऱ्या अखंड पुरवठ्यावर अवलंबून राहावे लागते. म्हणून शर्करा घटू लागताच शरीर तिचा प्रतिकार करते. इन्शुलीनचा स्राव थांबतो, अग्निपिंडातून ग्लुकागॉन व अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन स्रवते आणि यकृत साठविलेली शर्करा मोकळी करते. या प्रतिक्रियेतील अधिवृक्क ग्रंथींचा सहभाग वॉल्टर कॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२४ मध्ये प्रयोगांनी दाखविला. घाम, कंप, धडधड व भूक ही लक्षणे या प्रतिकाराची असून ती रुग्णास सावध करतात. गोंधळ, चिडचिड, अडखळते बोलणे व बेशुद्धी ही लक्षणे मात्र मेंदूच्या उपासमारीची होत. पहिल्या गटातील लक्षणे जाणवली नाहीत किंवा त्यांकडे दुर्लक्ष झाले, तर दुसऱ्या गटातील लक्षणे दिसू लागेपर्यंत रुग्णाची स्वतःला सावरण्याची शक्ती गेलेली असते. अशा रुग्णास मद्यपी समजले गेल्याची किंवा वृद्ध असल्यास पक्षाघात वा बुद्धिभ्रंश झाल्याचे निदान झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

पोटात घेण्याची औषधे : हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये इन्शुलीनला प्रतिसाद देणारा व न देणारा असे मधुमेहाचे दोन प्रकार दाखविले. पहिल्या व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह या आजच्या वर्गीकरणाचे ते पूर्वरूप होय. दुसऱ्या प्रकारात अग्निपिंड इन्शुलीन निर्माण करीत असते पण ते अपुरे पडते. या प्रकारावरील महत्त्वाच्या औषधवर्गाचा उगम अल्पशर्करारक्ततेच्याच एका दुर्घटनेत आहे. फ्रान्समधील माँपेल्ये येथे मार्सेल झांबाँ यांनी १९४२ मध्ये आंत्रज्वराच्या (टायफॉइडच्या) रुग्णांना एक नवे सल्फा औषध दिले, तेव्हा काही रुग्णांना झटके येऊन ते बेशुद्ध झाले व काही दगावले. त्यांची रक्तशर्करा अतिशय घटलेली आढळली. ऑग्युस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे औषध अग्निपिंडास इन्शुलीन स्रवण्यास भाग पाडते आणि अग्निपिंड काढून टाकलेल्या जनावरात निष्प्रभ ठरते, हे दाखविले. जर्मनीत १९५५ मध्ये कार्ब्युटामाइड या जंतुनाशकाच्या चाचणीतही रुग्णांत कंप व घाम हीच लक्षणे दिसली आणि त्यांतून सल्फॉनिलयूरिया गटातील गोळ्यांचा वापर सुरू झाला. टॉल्ब्युटामाइड, क्लोरप्रोपामाइड व पुढे ग्लिबेनक्लामाइड ही औषधे प्रचारात आली.

सुई टळल्यामुळे या गोळ्या सौम्य व निर्धोक आहेत, असा समज पसरला. तो पुष्कळ रुग्णांस घातक ठरला. क्लोरप्रोपामाइडाची निम्मी मात्रा शरीरातून जाण्यास सु. ३६ तास लागतात. मूत्रपिंडांचे कार्य मंदावलेल्या वृद्ध रुग्णांत हा काळ आणखी वाढतो. त्यामुळे एखादे जेवण चुकल्यावर आलेली मूर्च्छा ग्लुकोज देऊन दूर झाली, तरी औषध रक्तात शिल्लक असल्यामुळे काही तासांनी ती पुन्हा उद्‌भवू शकते. अशा रुग्णास शुद्धीवर येताच घरी न पाठविता रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. याउलट झां स्तेर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहासाठी वापरलेले मेटफॉर्मिन हे औषध इन्शुलीनचा स्राव वाढवीत नसल्याने एकटे दिले असता सहसा अल्पशर्करारक्तता करीत नाही.

आकडा व जाणीव यांतील तफावत : रक्तशर्करा मोजण्याच्या रासायनिक पट्ट्या १९६० नंतरच्या दशकात आल्या व १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रुग्ण घरच्या घरी मापन करू लागले. तेव्हा आकडा व जाणीव नेहमीच जुळत नाहीत, हे स्पष्ट झाले. दीर्घकाळ उच्च शर्करेची सवय झालेल्या रुग्णास ती स्वाभाविक मर्यादेत उतरली तरी अस्वस्थ वाटते. फिलिप क्रायर यांच्या गटाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात निरोगी व्यक्तींत लक्षणे सु. ५३ मिग्रॅ. पातळीस, तर अनियंत्रित मधुमेह्यांत सु. ७८ मिग्रॅ. पातळीसच सुरू झाली. अशा रुग्णाची तक्रार काल्पनिक नसते. त्याची शर्करा हळूहळू उतरविल्यास शरीर नव्या पातळीस सरावते. याच्या उलट, वारंवार शर्करा घटणाऱ्या रुग्णांत प्रतिकारयंत्रणा बोथट होऊन धोक्याची सूचना मिळेनाशी होते. क्रायर यांनी १९९० नंतरच्या दशकात हे दुष्टचक्र विशद केले.

नियंत्रणाच्या मर्यादेचा वाद : ब्रिटनमधील दीर्घकालीन पाहणीत (१९९८) दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात कडक नियंत्रणाने डोळे व मूत्रपिंडे यांच्या सूक्ष्म वाहिन्यांचे विकार कमी होतात, असे सिद्ध झाले. शर्करा जितकी कमी तितके हित, असा निष्कर्ष त्यावरून काढण्याकडे कल झाला. अमेरिका व कॅनडात १०,२५१ रुग्णांवर झालेल्या ‘ॲकॉर्ड’ या चाचणीत एका गटाची शर्करा निरोगी व्यक्तीइतकी खाली आणण्याचा प्रयत्न झाला. या गटात २५७, तर सौम्य उपचारांच्या गटात २०३ मृत्यू झाल्याने २००८ मध्ये कडक उपचार मुदतीपूर्वीच थांबवावे लागले. वैद्यकीय मदत लागेल इतकी तीव्र अल्पशर्करारक्तता कडक गटात १०·५ टक्के व दुसऱ्या गटात ३·५ टक्के रुग्णांत आढळली. जादा मृत्यू तिच्यामुळेच झाले, असे मात्र सिद्ध झालेले नाही. या अनुभवानंतर २०१२ मध्ये अमेरिकी व यूरोपीय मधुमेह संघटनांनी वय, अन्य विकार व अल्पशर्करारक्ततेचा धोका पाहून प्रत्येक रुग्णाचे उद्दिष्ट स्वतंत्रपणे ठरवावे, अशी शिफारस केली. वृद्ध रुग्णांत थोडी अधिक शर्करा चालवून घेणे म्हणजे उपचारांतील हयगय, ही समजूत त्यामुळे मागे पडली.

भारतातील संदर्भ व प्रथमोपचार : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सु. १०·१ कोटी मधुमेही असावेत. सल्फॉनिलयूरिया गोळ्या स्वस्त असल्यामुळे त्यांचा येथे मोठ्या प्रमाणावर वापर होतो. एकादशी, चतुर्थी, नवरात्र किंवा रमजान यांतील उपवासांत, तसेच जेवणाची वेळ टळल्यास किंवा नेहमीपेक्षा अधिक श्रम झाल्यास नेहमीची मात्रा धोकादायक ठरू शकते. उपवासापूर्वी वैद्याच्या सल्ल्याने मात्रेत बदल करणे आवश्यक असते.

लक्षणे जाणवताच शक्य असल्यास रक्तशर्करा तपासावी. मापनाची सोय नसल्यास वाट न पाहता सु. १५ ग्रॅ. ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे व गरज पडल्यास तीच मात्रा पुन्हा घ्यावी. बरे वाटल्यावर पोळी, भात यांसारखा आहार घ्यावा. अकार्बोज हे औषध घेणाऱ्यांत साखरेचे पचन लांबत असल्याने ग्लुकोजच द्यावे लागते. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. त्यास ग्लुकागॉनची सुई किंवा शिरेतून ग्लुकोज देण्यासाठी त्वरित रुग्णालयात न्यावे. असा प्रसंग पुन्हा घडू नये म्हणून औषधाच्या मात्रेचा फेरविचार करणे हा उपचाराचाच भाग होय. रुग्णाने झालेला त्रास वैद्यास सांगणे आणि वैद्याने तो विचारून घेणे, या दोहोंवाचून तो पुरा होत नाही.