तेलविहिरीतील सुरक्षा झडपेचा इतिहास आणि मुंबई हाय दुर्घटना (२००५) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठवाड्यातील माणसाचा विहिरीशी असलेला संबंध हा प्रामुख्याने पाण्याच्या शोधाचा संबंध आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात बोअर घेणे म्हणजे नशिबाची परीक्षा पाहणेच होय. पाणी लागले तरी ते आपणहून वर येत नाही. त्यासाठी मोटार बसवावी लागते, वीज असावी लागते. वीज गेली की पाणी थांबते. तेल व वायूच्या विहिरीचे गणित बहुतांशी याच्या उलट असते. भूगर्भातील प्रचंड दाबामुळे तेथील तेल व वायू स्वतःच वर झेपावतात. त्यामुळे पाण्याच्या विहिरीपुढील प्रश्न ‘वर कसे आणावे’ हा असतो, तर तेलविहिरीपुढील प्रश्न ‘वेळ पडल्यास कसे थांबवावे’ हा असतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे द्रवदाबावर चालणारी सुरक्षा झडप होय.

आपल्या जिल्ह्याच्या भूमीत तेल नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या सुमारे ६१७ मीटर खोलीच्या संशोधन-विवरात सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर व त्यानंतर अतिप्राचीन पायाभूत खडक आढळला. किल्लारी हे गाव १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तेलाची निर्मिती व साठवण प्रामुख्याने जाड गाळाच्या खडकांत होत असल्याने आपल्या पायाखाली तेल शोधण्याचे कारण नाही. तथापि शेतातील डिझेल इंजिनापासून एस. टी. पर्यंत आपले दैनंदिन जीवन ज्या तेलावर चालले, त्यातील मोठा वाटा महाराष्ट्राच्याच किनाऱ्यापलीकडील समुद्रातून आला. त्या समुद्रात २७ जुलै २००५ रोजी घडलेल्या दुर्घटनेचा इतिहास आपल्या अभ्यासाचा विषय होणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) द्रवदाब-नियंत्रित सुरक्षा झडपेमागील तत्त्व सामान्य वाचकास समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.
२) या झडपेच्या विकासाचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
३) मुंबई हाय दुर्घटनेच्या संदर्भात या तंत्राच्या मर्यादांचा विचार करणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

द्रवदाब आणि झडपेचे कार्य :

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व सतराव्या शतकात पास्कल याने मांडले. १७९५ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने त्यावर आधारित दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपल्याकडील ट्रॅक्टरची हायड्रोलिक ट्रॉली याच तत्त्वावर उचलली जाते. तेलाचा दाब दिला की ट्रॉली वर जाते व दाब सोडला की स्वतःच्या वजनाने खाली येते. दाब असेपर्यंत एक स्थिती आणि दाब जाताच दुसरी, हा या यंत्राचा स्वभाव आहे.

तेलविहिरीतील झडपेमध्ये याच स्वभावाचा उपयोग केलेला आहे. विहिरीच्या उत्पादन नलिकेत, समुद्रतळाच्या खाली काही अंतरावर ही झडप बसवलेली असते. तिच्यात बिजागरीवर फिरणारे एक झाकण, त्यास उघडे धरणारी एक सरकती नळी आणि त्या नळीला वर ढकलणारी एक बळकट स्प्रिंग असते. वरील नियंत्रण कक्षातून बोटाहूनही बारीक अशी पोलादी नलिका झडपेपर्यंत गेलेली असते. या नलिकेतून दाब दिला म्हणजे सरकती नळी स्प्रिंग दाबून खाली येते व झाकण उघडते. दाब नाहीसा झाला की स्प्रिंग नळीला वर ढकलते आणि झाकण मिटते. म्हणजेच झडप उघडी ठेवण्यासाठी प्रयत्न करावा लागतो, मिटण्यासाठी नाही. नियंत्रण नलिका तुटली, पंप बंद पडला किंवा वरचा संपूर्ण प्लॅटफॉर्म वाहून गेला तरी झडप मिटावी, अशी ही रचना आहे. भारतीय रेल्वेवर दीर्घकाळ वापरात असलेल्या निर्वात ब्रेकमध्येही हेच तत्त्व होते. डबे तुटून वेगळे झाले की निर्वात नाहीसा होऊन ब्रेक आपोआप लागत असत.

येथे एक व्यावहारिक अडचण लक्षात घेणे आवश्यक आहे. नियंत्रण नलिकेतील द्रवाला स्वतःचे वजन असते. ३०० मीटर म्हणजे सुमारे हजार फूट खोलीवर तेलासारख्या द्रवाच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २६ किलोग्रॅम इतका होतो. वरून दाब सोडून दिला तरी हा दाब झडपेवर राहतोच. त्यामुळे विहिरीच्या दाबाची साथ नसतानाही हे वजन उचलू शकेल इतकी स्प्रिंग बळकट असावी लागते. झडप किती खोल बसवता येईल याची मर्यादा त्यावरून ठरते.

आग लागल्यास माणसाच्या हुकमाची वाट पाहावी लागू नये म्हणून नियंत्रण व्यवस्थेत ठरावीक तापमानाला वितळणारे धातूचे बूच बसवलेले असतात. ते वितळले की दाब निघून जातो. प्रथम विहिरीच्या तोंडावरील झडपा मिटतात आणि थोड्या अवकाशाने भूगर्भातील झडप मिटते. उघडताना हा क्रम उलटा असतो. वेगाने वाहणाऱ्या प्रवाहात खालचे झाकण आपटून निकामी होऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

ऐतिहासिक विकास :

प्रारंभीच्या काळातील भूगर्भीय झडपांना वरून नियंत्रण नव्हते. ‘स्टॉर्म चोक’ या नावाने ओळखली जाणारी झडप प्रवाहाचा वेग प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप मिटत असे. तथापि तिची मर्यादा उघड होती. विहिरीचा जोर कालांतराने ओसरला तर अपघातातही प्रवाह ठरवलेल्या वेगापर्यंत पोहोचत नसे आणि झडप उघडीच राही. शिवाय ती उत्पादनात अडथळा ठरते म्हणून बसवण्याचीच टाळाटाळ होत असे. फेब्रुवारी १९७० मध्ये मेक्सिकोच्या आखातात शेवरॉन कंपनीच्या प्लॅटफॉर्मला आग लागली. अनेक विहिरींत आवश्यक झडपा नसल्याचे निष्पन्न होऊन कंपनीला १० लाख डॉलर दंड झाला. त्यापूर्वी २८ जानेवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे खोदकाम चालू असताना विहीर उसळून किनाऱ्यावर तेल पसरले होते. या घटनांनंतर अमेरिकेतील नियम कडक झाले आणि वरून नियंत्रित होणाऱ्या द्रवदाब झडपांचा प्रसार वाढला.

परंतु झडप असणे आणि ती योग्य रीतीने बसलेली असणे या भिन्न गोष्टी आहेत. २२ एप्रिल १९७७ रोजी नॉर्वेच्या हद्दीतील एकोफिस्क ब्राव्हो येथे विहिरीच्या दुरुस्तीचे काम चालू असताना नीट न बसवलेली भूगर्भीय झडप निसटली. त्यानंतर आठ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले.

मुंबई हायचा जन्म याच कालखंडातील आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या यंत्रणेने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेलाचा शोध लावला आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. १९८२ मध्ये ‘सागर विकास’ या खोदकाम करणाऱ्या यंत्रणेवर विहीर उसळून आग लागल्याने या क्षेत्रातील धोक्याची तीव्र जाणीव झाली. पुढे १९८४ चे तेल खाण विनियम आले आणि १९८६ मध्ये तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची स्थापना झाली.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर १६७ जणांचा मृत्यू झाला. या घटनेने विचाराची दिशाच बदलली. शेजारच्या प्लॅटफॉर्मना जोडणाऱ्या वायुवाहिन्या फुटून त्यांतील वायूने आगीला प्रचंड बळ दिले. विहिरीतील झडपेची सत्ता विहिरीपुरतीच चालते, ही गोष्ट या दुर्घटनेने ठळक केली. ब्रिटनने १९८९ मध्ये समुद्राखालील वाहिन्यांसाठी आपत्कालीन झडपांचे नियम केले आणि १९९० च्या कलन अहवालाने सुरक्षा व्यवस्थापनाची फेरमांडणी सुचवली.

२७ जुलै २००५ ची दुर्घटना :

मुंबई हाय उत्तर संकुलात पुलांनी जोडलेले प्लॅटफॉर्म होते. त्यांत विहिरींचा, निवासाचा व प्रक्रियेचा असे वेगवेगळे विभाग होते. आसपासच्या लहान प्लॅटफॉर्मवरील विहिरींतून येणारे तेल समुद्रतळावरील वाहिन्यांतून येथे येई आणि तेल उपसण्यास मदत करणारा वायू येथून उलट दिशेने जाई. या वाहिन्या समुद्रतळावरून वर चढतात त्या उभ्या भागास ‘राइझर’ म्हणतात.

आदल्या दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई ठप्प झाली होती. समुद्रही खवळलेला होता. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरील एका स्वयंपाक्याच्या हाताला जखम झाली होती. त्याला उपचारासाठी संकुलावर हलवण्याच्या हेतूने जहाज दुपारी चारच्या सुमारास जवळ आले. जहाजाच्या नियंत्रणात अडचणी होत्या. लाटांमुळे ते संकुलावर आदळले आणि त्याचा मागील भागातील हेलिपॅड राइझरवर धडकला. वायू बाहेर पडून पेटला. सुमारे दोन तासांत प्रक्रियेचा प्लॅटफॉर्म कोसळून समुद्रात गेला. एकूण ३८४ जणांपैकी ३६२ जणांना वाचवण्यात यश आले, तर २२ जण मृत वा बेपत्ता झाले. खराब हवामानात नौदल, तटरक्षक दल व आसपासच्या जहाजांनी केलेले बचावकार्य खरोखर उल्लेखनीय होते. ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज १ ऑगस्ट रोजी बुडाले.

विश्लेषण :

या दुर्घटनेत विहीर उसळलेली नव्हती. तुटला तो राइझर. अनेक किलोमीटर लांबीच्या वाहिनीत दाबाखाली साठलेला वायू तुटलेल्या तोंडातून बाहेर येत राहिला. प्लॅटफॉर्मजवळ समुद्रतळावर हा साठा अडवणारी विलगीकरण झडप नव्हती. अशा वेळी विहिरीतील झडप कितीही निर्दोष असली तरी ती आपल्या पलीकडे आधीच पोहोचलेला वायू परत बोलावू शकत नाही. घराचा दरवाजा भक्कम असून खिडकी उघडी राहावी, तशी ही स्थिती होती.

पायपर अल्फानंतर १७ वर्षांनी ही घटना घडली, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. ज्ञान उपलब्ध होते. परंतु ज्ञान उपलब्ध असणे आणि ते जुन्या बांधकामापर्यंत पोहोचणे यांत मोठे अंतर असते. मुंबई हाय उत्तरचे संकुल १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व १९८० च्या दशकाच्या प्रारंभी, म्हणजे पायपर अल्फापूर्वी उभे राहिले होते. नवा नियम नव्या बांधकामाला सहज लागू होतो. जुन्या बांधकामाला तो लागू करण्यासाठी उत्पादन थांबवावे लागते, खर्च करावा लागतो आणि मुख्य म्हणजे कधीही न घडलेल्या अपघाताची कल्पना करावी लागते. दुर्घटनेनंतर २००८ मध्ये समुद्रातील पेट्रोलियम कामकाजाच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र नियम करण्यात आले आणि तेल उद्योग सुरक्षा संचालनालयास सक्षम प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. नियम आले, परंतु २२ कुटुंबांसाठी ते उशिरा आले.

दुसरी बाब सामूहिक स्मृतीची आहे. २६ जुलैचा महापूर महाराष्ट्राच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला. त्याच्याच दुसऱ्या दिवशी घडलेली ही घटना मात्र त्या स्मृतीच्या सावलीत राहिली. किनाऱ्यावरून न दिसणाऱ्या ठिकाणी काम करणाऱ्यांचा इतिहास लिहिला जाणे म्हणूनच अधिक आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१) द्रवदाब-नियंत्रित झडपेचे खरे वैशिष्ट्य तिच्या ताकदीत नसून, नियंत्रण सुटताच सुरक्षित स्थितीला जाण्याच्या तिच्या स्वभावात आहे.
२) या तंत्राचा विकास मुख्यतः दुर्घटनांच्या मागोमाग झालेला दिसतो.
३) मुंबई हाय दुर्घटना ही झडपेच्या तत्त्वाचे अपयश नसून ते तत्त्व विहिरीपुरतेच मर्यादित ठेवल्याचे उदाहरण आहे. जहाजाचे नियंत्रण, राइझरची जागा व त्यांचे संरक्षण यांचा एकत्रित विचार होणे गरजेचे होते.
४) जुन्या बांधकामाचे नव्या ज्ञानाच्या आधारे वेळोवेळी पुनर्परीक्षण होणे हीच खरी सुरक्षितता होय.

हा विचार केवळ समुद्रापुरता नाही. कोरड्या गेलेल्या बोअरचे तोंड उघडे राहून त्यात लहान मुले पडल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या. त्याबाबत सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना द्याव्या लागल्या. विहीर तेलाची असो वा पाण्याची, तिच्या तोंडाची जबाबदारी कोणाच्या तरी आठवणीवर सोपवून चालत नाही. माणूस विसरला, थकला किंवा उरलाच नाही तरी जे आपोआप मिटते, तेच खरे झाकण. २२ जणांच्या मृत्यूने शिकवलेला हा धडा किनाऱ्यापासून दूर असलेल्या आपल्या जिल्ह्यालाही तितकाच लागू पडतो.