मूठभर मीठ, पेंढीभर गवत

मिठाच्या सत्याग्रहाचा धडा आला की आमच्या नागपूरच्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "गुरुजी, दांडीला समुद्र होता. आपल्याकडच्या लोकांनी काय केले?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. वर्गात तासाची घंटा होते आणि उत्तर अर्धेच राहते. ते दिवाळीच्या फराळाबरोबर जरा निवांतपणे सांगावे, असे मनात आले.

मिठाचा कर ही काही नवी पीडा नव्हती. चोरटे मीठ अडविण्यासाठी इंग्रज सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत चौक्यांची एक रांगच उभी केली होती. १८६९ साली तिची लांबी २,३०० मैल भरली, आणि सुमारे १२,००० माणसे तिच्यावर पहारा करीत होती. कित्येक मैल तर जिवंत काटेरी कुंपण होते! १८७९ साली ही रांग मोडली, कर मात्र राहिला. १९२३ साली तो मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर गेला. मध्यवर्ती कायदेमंडळाने विरोध केला, तो व्हाइसरॉयने आपल्या अधिकारात बाजूला सारला. पुढच्याच वर्षी कर पुन्हा खाली आला. पण कर किती यापेक्षा तो ठरविणारा कोण, हा खरा वाद आहे, हे लोकांना उमगले ते उमगलेच.

१९३० साल उजाडले. समुद्र नाही म्हणून हात बांधून बसेल तो वऱ्हाडी कसला? अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणीच खारट. दहिहंड्याला त्याच पाण्याचे मीठ काढून लोकांनी कायदा मोडला. पण अशा विहिरी असणार तरी किती? मग नजर वळली ती गवताकडे.

वाचकहो, मीठ घरात चिमटीने लागते. गवत गाडीने लागते. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या जंगल कायद्याने राखीव रानांचा मालक सरकार झाले. ज्या रानात आजा गुरे चारीत असे, तेथे नातवाला चराईचे पैसे भरून पास घ्यावा लागू लागला. पासावाचून गवत कापले तर गुन्हा, गुरे आत शिरली तर कोंडवाडा. मिठाचा कर डोळ्यांना दिसत नाही, तो भावात मिसळलेला असतो. जंगलाचा पास मात्र शेतकऱ्याला स्वतः जाऊन मागावा लागे.

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातील गवत कापले आणि ते तुरुंगात गेले. त्याच महिन्यात नागपूरचे डॉ. केशव बळीराम हेडगेवार यवतमाळला जाऊन जंगलचा कायदा मोडते झाले. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे ज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, अशी कितीतरी माणसे त्या पावसाळ्यात विळा घेऊन एकाच रानात उतरली होती.

पण नेत्यांच्या शिक्षा महिन्यांत मोजल्या गेल्या. शिवनी जिल्ह्यातील तुरिया गावी ९ ऑक्टोबर १९३० रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन स्त्रिया आणि एक पुरुष प्राणाला मुकले. गवताच्या पेंढीची ही किंमत!

मिठाचा कर १९४७ साली रद्द झाला. जंगलचा १९२७ चा कायदा मात्र स्वराज्यातही जागचा हलला नाही. रान तेच, पास तोच. पासावरची मुद्रा तेवढी बदलली. म्हणून झगडाही संपला नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंडांच्या गावाने तो शांतपणे, सभेत बसून, सर्वांच्या संमतीने चालविला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार," ही त्यांची घोषणा. २००६ साली वनहक्क कायदा झाला, २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला; आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती दिले. पास मागणारे आता पास देणारे झाले. १९३० च्या विळ्याला मिळालेले याहून चोख उत्तर मला ठाऊक नाही.

अर्थात सगळ्याच गावांना ते मिळालेले नाही. आणि तुरिया? पेंच अभयारण्याचे एक मोठे प्रवेशद्वार आज त्याच गावच्या नावाने ओळखले जाते. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरची किती तरी कुटुंबे तेथे तिकीट काढून वाघ पाहायला जातात. अवश्य जावे. वाघ दिसेल, न दिसेल. तो त्याच्या मर्जीचा धनी. पण फाटकाशी गाडी थांबेल तेव्हा डाव्या-उजव्या हाताला वाढलेले गवत मुलांना दाखवावे आणि सांगावे, की हे कापायला आलेली चार माणसे येथून घरी परतली नाहीत.