घरच्या काचेच्या टाकीतील मासे पकडण्यासाठी बाटलीचा सापळा

काचेच्या टाकीतून एखादा मासा वेगळा काढायचा असेल तर बहुतेक जण लहान जाळी घेऊन त्याचा पाठलाग करतात. त्यात वनस्पती उपटतात, तळाचा गाळ वर येतो आणि मासे काचेवर आदळतात. जाळीच्या घर्षणाने माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो. हा थर रोगजंतूंपासून संरक्षण करतो. तो निघाल्यास पुढील काही दिवसांत अंगावर बुरशी येण्याची शक्यता वाढते. रिकाम्या पाण्याच्या बाटलीपासून केलेला सापळा वापरल्यास हा त्रास टळतो. खर्च जवळजवळ नाही आणि काम अर्ध्या तासाचे आहे.

देवपूर परिसरात याचा उपयोग कोठे?

धुळे शहरात पांझरेच्या उत्तरेस असलेल्या देवपुरात आणि आसपासच्या गावांत नळाचे पाणी रोज येत नसल्याने हौद, सिमेंटच्या टाक्या आणि ड्रम भरून ठेवावे लागतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी रिकामी करावीत व आतून घासावीत, असा आरोग्य विभागाचा सल्ला असतो. परंतु पाण्याची टंचाई असताना मोठा हौद दर आठवड्याला उपसणे परवडत नाही. अशा हौदात गप्पी मासे सोडणे हा चांगला उपाय आहे. एक प्रौढ गप्पी दिवसाला साधारण ८० ते १०० डासअळ्या खातो.

गप्पीची मादी अंडी न घालता सुमारे दर चार आठवड्यांनी जिवंत पिल्ले देते. त्यामुळे घरच्या एका काचेच्या टाकीतून गल्लीतील अनेक हौदांना पुरतील इतके मासे मिळू शकतात. अडचण येते ती दर वेळी दहा-वीस मासे इजा न होता बाहेर काढण्याची. त्यासाठी सापळा उपयोगी पडतो.

सापळ्याचे तत्त्व

पावसाळ्यात ओढ्याच्या प्रवाहात बांबूच्या कामट्यांचे जे सापळे लावतात त्यांचेच हे लहान रूप आहे. बाहेरून तोंड रुंद असते आणि आत जाताना निमुळते होते. मासा कडेकडेने पोहत सहज आत जातो. बाहेर पडण्यासाठीही तो कडेनेच वाट शोधतो; पण आतल्या बाजूने छिद्र मध्यभागी, भिंतीपासून दूर असल्याने ते त्याला लवकर सापडत नाही.

साहित्य

- १ लिटरची पारदर्शक पाण्याची बाटली
- कात्री, दाभण, बारीक पॉलिश पेपर
- नायलॉनचा नवा दोरा
- धुतलेले ४-५ गोटे
- खाद्य बांधण्यासाठी पातळ सुती कापडाचा तुकडा

कीटकनाशक, तणनाशक, फिनाईल किंवा साबणाची बाटली कितीही धुतली तरी वापरू नये. कपाशीवर फवारले जाणारे सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखे घटक माशांना अत्यंत विषारी आहेत. त्यांचा अंशही टाकीतील सर्व मासे मारू शकतो. फवारणी केलेल्या व्यक्तीने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नये. फवारणीच्या बादल्या, मग आणि दोरी माशांच्या कामापासून कायम वेगळ्या ठेवाव्यात.

कृती

१. बाटलीचे लेबल काढून ती साबण न लावता साध्या पाण्याने धुवावी.

२. खांद्याचा उतार संपून बाटली सरळ होते त्या ठिकाणी गोल कापावी. वरचा भाग नरसाळ्यासारखा दिसेल.

३. दोन्ही भागांच्या कापलेल्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात. धारदार कडेने माशांचे पर फाटतात.

४. खालच्या भागाला दाभणाने २ ते ३ मिमीची २०-२५ छिद्रे आतून बाहेर पाडावीत, म्हणजे खरखरीत कड बाहेर राहील. बुडापासून ४ सेंमी भागात मात्र छिद्रे पाडू नयेत. सापळा उभा करून वर काढताना या भागात पाणी टिकते आणि मासे कोरडे पडत नाहीत.

५. टोपण काढून नरसाळे उलटे करावे व खालच्या भागात बसवावे. दोन्ही कडांना समोरासमोर चार ठिकाणी भोके पाडून दोऱ्याने बांधावे. गोंद किंवा रासायनिक चिकटद्रव्य वापरू नये. दोरा सोडून सापळा उघडता आला पाहिजे.

६. आत गोटे ठेवावेत आणि सापळा वर ओढण्यासाठी एक लांब दोरा बांधावा.

तोंडाचे माप

बाटलीच्या तोंडाची आतील रुंदी सुमारे २ सेंमी असते. गप्पी, मॉली, प्लॅटी यांसाठी ती पुरेशी आहे. मोठ्या माशांसाठी रुंद तोंडाची बरणी घ्यावी.

केवळ पिल्ले वेगळी करायची असल्यास टोपण लावून त्याला मध्यभागी ५ मिमीचे छिद्र पाडावे आणि बाटलीची छिद्रे १ मिमीच ठेवावीत. मोठ्या माद्या आत शिरू शकत नाहीत. गप्पीच्या माद्या स्वतःचीच पिल्ले खातात, त्यामुळे पिल्ले वेळीच वेगळी केल्यास संख्या लवकर वाढते. पिल्ले पृष्ठभागाजवळ, वनस्पतींच्या आडोशाला राहतात. म्हणून हा सापळा गोटे न घालता वरच्या थरात, वनस्पतींजवळ दोऱ्याने टांगावा.

सापळा लावण्याची पद्धत

- आदल्या दिवशी माशांना खाद्य देऊ नये. भुकेला मासा लवकर आत येतो.
- चिमूटभर माशांचे खाद्य कापडात बांधून बुडाजवळ ठेवावे. तेलकट, मसालेदार पदार्थ घालू नयेत; पाणी खराब होते.
- सापळा टाकीच्या पाण्यानेच भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता तळाशी आडवा ठेवावा. तोंड काचेलगत असावे.
- टाकीपासून दूर व्हावे. हालचाल दिसत राहिल्यास मासे जवळ येत नाहीत.
- दर १५-२० मिनिटांनी पाहावे. एका वेळी ८-१० पेक्षा जास्त गप्पी आत साठू देऊ नयेत.
- सापळा हळूहळू उभा करत वर घ्यावा आणि मासे टाकीचेच पाणी घेतलेल्या बादलीत सोडावेत.

सापळा रात्रभर ठेवू नये

बाटलीतील पाणी थोडे, मासे जास्त आणि पाण्याची अदलाबदल कमी. त्यामुळे आतील प्राणवायू लवकर संपतो. उन्हाळ्यात धोका आणखी वाढतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रति लिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहतो. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. त्या काळात हे काम पहाटे करावे. मासे सापळ्यात वरच्या बाजूला येऊन तोंड उघडझाप करत असतील तर सापळा लगेच काढावा.

मासा आत येत नसेल तर

सगळेच मासे सापळ्यात येत नाहीत. धीट आणि भुकेले आधी येतात, बुजरे शेवटपर्यंत बाहेर राहतात. दोन-तीन वेळा प्रयत्न करूनही मासा आला नाही, तर रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने मंद प्रकाशात मऊ जाळीने काढावा. अंधारात मासे सुस्त असतात व पाठलाग करावा लागत नाही. आजारी मासा खाद्याकडे येत नाही. त्याच्यासाठी सापळ्याची वाट पाहू नये.

पकडलेले मासे हौदात सोडताना

- पाण्याच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५ ते १० मासे पुरेसे होतात. २ मीटर लांब व दीड मीटर रुंद हौदाला १५ ते ३० मासे लागतील.
- नळाचे ताजे पाणी भरले असल्यास क्लोरीन निघून जाण्यासाठी हौद एक दिवस उघडा ठेवून मगच मासे सोडावेत. त्यानंतर तो जाळीने झाकावा.
- मासे असलेली पिशवी १५-२० मिनिटे हौदाच्या पाण्यात तरंगत ठेवावी, नंतर हौदाचे थोडे थोडे पाणी त्यात मिसळावे.
- हौदात अळीनाशक किंवा ब्लीचिंग पावडर टाकणार असल्यास मासे आधी काढावेत. याही वेळी हाच सापळा वापरता येतो.

नदी-नाल्यात मासे सोडू नयेत

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. तो आपल्या माशांची अंडी व पिल्ले खातो आणि वेगाने वाढतो. पांझरेत किंवा नाल्यात सोडलेला मासा पुढे तापीपर्यंत पोहोचू शकतो. नदीत डासअळ्या खाणारे लहान देशी मासे आधीपासूनच आहेत. हौशी लोकांनी टाकीतून सोडलेल्या माशांचे परिणाम उजनी जलाशयात दिसले आहेत. तेथे काचेच्या टाकीत शोभेसाठी पाळला जाणारा सकर मासा वाढला असून त्याच्या काटेरी अंगामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. नको असलेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्यावेत. पुराचे पाणी शिरते अशा विहिरीत किंवा सांडवा नाल्याला मिळतो अशा शेततळ्यातही गप्पी सोडू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात प्रात्यक्षिक घेताना सापळा करून दाखवण्याबरोबर कोणत्या हौदात मासे सोडावेत आणि कोणत्या पाण्यात नाही हे जागेवर नेऊन दाखवावे. सुरुवातीचे गप्पी मासे कोठे मिळतील याची चौकशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. मासे सोडले म्हणून टायर, कुलरचे तळ, फुटकी भांडी यांतील पाणी तसेच राहू देऊ नये. तिथे मासा जगत नाही, डास मात्र वाढतो. ती भांडी दर आठवड्याला रिकामी करावीतच लागतात.