वाटेवरची चाकरी

दिवाळीच्या फराळाला सगळे बसलो होतो. भावाच्या मुलीनं चिवड्याची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आत्ती, मी वर्षभर ऑस्ट्रेलियाला जाणार. फिरायचं आणि फिरता फिरता काम करायचं."

"कसलं काम?" वहिनींनी विचारलं.

"हॉटेलात. तिकडं वाळवंटातल्या हायवेवर पेट्रोल पंपाला लागून हॉटेलं असतात. रोडहाउस म्हणतात. टेबलं पुसायची, खोल्या झाडायच्या, कधी बारवर उभं राहायचं."

बार हा शब्द आमच्या घरात बहुतेक पहिल्यांदाच फराळाच्या ताटाजवळ उच्चारला गेला. मद्य, मांस आणि मधु सोडलेलं घर. सूर्य मावळायच्या आत जेवणारं. आई म्हणाली, "शिकलेली पोरगी ती. लोकांची खरकटी काढायला सातासमुद्रापार जायाचं?" आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण मी इतिहासाचं लिहिते. जणू जुन्या कागदांत याचं उत्तर असणारच.

उत्तर कागदांत शोधायच्या आधी मला आमच्याच रस्त्याकडं बघावंसं वाटलं.

निपाणीला रेल्वे नाही. मिरजेहून बेळगावला जाणारी गाडी कुडचीवरून निघून जाते. आमचं सगळं जगणं पुणे-बेंगळुरू रस्त्यावर. पूर्वी त्याला एन.एच. ४ म्हणत, आता ४८ म्हणतात. गाव सोडून दक्षिणेला निघालं की तवंदीचा घाट, आणि तिथंच स्तवनिधी. याच स्तवनिधीला १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, जी पुढं दक्षिण भारत जैन सभा झाली. आपण यात्रेला जातो तो डोंगर आणि ट्रक धापा टाकत चढतात तो घाट एकच आहे. म्हणून प्रवासी आणि त्याची सोय हा विषय आपल्याला नवा नाही. धर्मशाळा आपण बांधल्या. गाळलेलं पाणी, दिवसाउजेडी जेवण, कंदमुळाशिवायची भाजी याची व्यवस्था केली. दात्यांची नावं तिथल्या फरशांवर कोरलेली आहेत. तिथं पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या माणसाचं नाव मात्र मी कुठल्या फरशीवर वाचलेलं नाही.

रस्त्यावरच्या हॉटेलांचं तर विचारूच नका. आमच्या लहानपणी एस.टी. थांबली की एक पोऱ्या खांद्यावर फडकं टाकून धावत यायचा. उडप्याच्या हॉटेलात तो दक्षिण कन्नडचा असायचा. आई-बापाकडं जमीन तुटपुंजी, खाणारी तोंडं ढीगभर, मग गावचा कोणीतरी मामा म्हणवणारा त्याला घाट चढवून वर आणायचा. रात्री गिऱ्हाईक संपलं की टेबलं जोडून त्यावरच झोप. मुंबईत अशा मुलांसाठी रात्रशाळा निघाल्या. मोगवीर समाजाची रात्रशाळा १९०८ सालची. दिवसभर कपबशा विसळून मुलं तिथं मॅट्रिक झाली आणि त्यातले काही स्वतः हॉटेलमालक झाले. ही बाजू आपण कौतुकानं सांगतो.

दुसरी बाजू मला एका म्हाताऱ्या आचाऱ्यानं सांगितली. आमच्याच पट्ट्यातल्या एका हॉटेलात (नाव नको) तो अकराव्या वर्षी लागला होता. "मालक मारत नव्हता, बाई. जेवायला पोटभर द्यायचा. पण पगार त्याच्याकडंच जमा. मागितला की म्हणायचा, जत्रेला जाशील तवा देतो. गावाला जायाचं तर यष्टीला पैसं नाहीत. तीन वर्षं मी आईचं तोंड बघितलं नाही." त्याला कोणी कुलूप लावून ठेवलं नव्हतं. रस्ता दारातच होता, दिवसाला शंभर गाड्या जात होत्या. त्याला एकाही गाडीत बसता येत नव्हतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलं आणि ढाब्यांवर ठेवायला सरकारनं बंदी घातली ती १० ऑक्टोबर २००६ ला. तोवर आपण सगळ्यांनीच त्या पोऱ्याच्या हातचा चहा प्यालेला आहे.

हे काम कमी दर्जाचं, असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. आपल्याच कुंभोजमध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव पायपीट केली होती. त्यांनी 'कमवा आणि शिका' म्हटलं तेव्हा पोरांनी हातात खराटा आणि कुदळ घेतली ती लाज न बाळगता. साताऱ्याच्या बोर्डिंगात पोरांना जेवायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा विकलं, हे आपण भाषणांतून दरवर्षी ऐकतो. खरकटी काढणं हा प्रश्न नव्हेच, असं मी आईला म्हटलं. आई म्हणाली, "मग कुठला प्रश्न आहे ते तरी सांग."

तेव्हा तिकडचा इतिहास काढून बसले.

त्या वाळवंटी वाटेवर आपल्या बाजूची माणसं फार आधी राबून गेली आहेत. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्सनं कराचीहून चोवीस उंट आणि ते सांभाळणारी माणसं बोटीनं मेलबर्नला नेली. त्या काळी कराची आणि बेळगाव एकाच मुंबई इलाख्यात होते. पुढं अफगाण, बलुच, सिंधी, पंजाबी असे पुष्कळ उंटवाले गेले. त्या सगळ्यांना तिथं सरसकट 'घान' म्हणत. रेल्वे आणि मोटारी येण्याआधी पिठाची पोती, लोकर, तारखात्याचे खांब हे सगळं त्यांच्या उंटांवरून वाळवंटात गेलं. त्यांच्या वस्त्या गावाच्या कडेला, वेगळ्या. आणि काम झाल्यावर? १९०१ चा स्थलांतराचा कायदा आणि १९०३ चा नागरिकत्वाचा कायदा गोऱ्यांसाठी होता. आशियातल्या माणसाला नागरिक होता येईना, घरून बायको आणता येईना. अ‍ॅडलेडहून उत्तरेला जाणाऱ्या रेल्वेला मात्र 'घान' हे नाव मोठ्या प्रेमानं दिलं.

आताचे पाठीवर पिशवी घेतलेले तरुण त्याच वाटांवर येतात ते १९७५ पासून. त्या साली ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंडच्या तरुणांसाठी फिरत फिरत काम करण्याचा व्हिसा सुरू झाला. कल्पना चांगली होती. मुलांनी देश बघावा, खर्चापुरतं कमवावं. २००५ साली त्यात एक अट शिरली. दुसरं वर्ष राहायचं असेल तर शहराबाहेर अठ्ठ्याऐंशी दिवस सांगितलेलं काम करा, फळं तोडा, शेतावर राबा. २०२१ पासून दूरच्या भागातली हॉटेलं आणि पबही त्यात धरले जाऊ लागले. स्थानिक माणूस जिथं राहायला तयार नाही तिथं मजूर पोचवण्याची ही युक्ती, हे माझं मत. कायद्याच्या पुस्तकात अर्थात असं लिहिलेलं नाही.

आणि किती दूर, म्हणाल तर नलारबोर नावाच्या झाडही नसलेल्या पठारावरून आयर हायवे जातो. नॉर्समनपासून पोर्ट ऑगस्टापर्यंत सोळाशे किलोमीटरहून जास्त. पूर्ण डांबरी व्हायला त्याला १९७६ साल उजाडलं. बॅलाडोनिया ते कायगुना एकशे शेहेचाळीस किलोमीटर रस्ता दोरी धरल्यासारखा सरळ आहे. कोल्हापूरहून निघून निपाणी, संकेश्वर करत बेळगाव मागं टाकावं, तरी वळण नाही. आणि मध्ये एक गाव नाही. कायगुना म्हणजे काय तर एक रोडहाउस. पेट्रोल, जेवण, झोपायच्या खोल्या, गार बिअर, सगळं एका छपराखाली. काम करणारी पोरं त्याच आवारात राहतात. मालक तोच, घरमालक तोच, पाणी त्याचं, जेवण त्याचं. गिऱ्हाईकही रात्री तिथंच मुक्कामाला.

त्या आचाऱ्याची आठवण मला इथं आली.

मुलींच्या बाबतीत गोष्ट आणखी वाकडी होते. ऑस्ट्रेलियातल्या पबचा एक मजेशीर इतिहास आहे. मजेशीर म्हणते खरी. क्वीन्सलँडमध्ये बारच्या आतल्या बाजूला बाई ग्लास भरून द्यायला चालायची, पण बाहेरच्या बाजूला उभी राहून स्वतः पेय मागायला चालायची नाही. १९६५ साली ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात मर्ल थॉर्नटन आणि रोझली बोग्नर या दोघींनी स्वतःला साखळीनं बारला बांधून घेतलं, तेव्हा त्याची चर्चा झाली. कायदा बदलायला १९७० साल उजाडलं. कायदे बदलतात, नजर सावकाश बदलते. पश्चिमेकडच्या कूलगार्डी या खाणगावातल्या पबात कामाला लागलेल्या फिनलंडच्या दोन मुलींवर २०१६ साली 'हॉटेल कूलगार्डी' नावाचा माहितीपट आला. नव्या मुली आल्या की 'ताजा माल आला' अशा थाटात गावातले पुरुष बघायला जमतात, तो प्रकार त्यात आहे. त्यावरून प्रेरणा घेऊन किटी ग्रीन या बाईनं २०२३ मध्ये 'द रॉयल हॉटेल' हा चित्रपट केला. भाचीला मी दोन्ही बघायला लावले.

एका आईची गोष्टही मी तिला सांगितली. २०१६ सालीच क्वीन्सलँडमधल्या होम हिल गावात, शेतकाम करणाऱ्या पोरांच्या वसतिगृहात, मिया नावाच्या वीस वर्षांच्या इंग्रज मुलीचा खून झाला. ती त्या अठ्ठ्याऐंशी दिवसांसाठीच तिथं गेली होती. तिची आई, रोझी आयलिफ, रडत बसली नाही. पोरांना कुठं ठेवतात, पगार देतात का, मालकांवर कोणाचं लक्ष आहे, हे ती वर्षानुवर्षं विचारत राहिली. १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश मुलांना ती अट उरली नाही. ती व्यापारी करारातून गेली, हे खरं. पण त्याच वर्षी भारतीय मुलांसाठी याच जातीचा व्हिसा उघडला: १८ ते ३० वय, वर्षाला एक हजार जागा, सोडत काढून. पहिल्या खेपेला सुमारे चाळीस हजार जणांनी नावं दिली. दुसऱ्या वर्षासाठी दूरच्या कामाची अट आपल्या मुलांना आहेच. एकाच्या खांद्यावरचं जू उतरलं, दुसऱ्याच्या मानेवर आलं.

"मग जाऊ नको म्हणतीस?" भाची चिडली.

नाही म्हणत. तिकडं २०२४ च्या जुलैपासून किमान मजुरी तासाला २४ डॉलर १० सेंट होती. परदेशी मुलांनाही तोच दर. तक्रार ऐकणारं सरकारी खातं आहे. आमच्या आचाऱ्याला यातलं काही नव्हतं. आणि बारवर उभं राहण्यानं धर्म बुडतो, हा भावाचा मुद्दा मला फारसा पटत नाही. निपाणी भागात आपल्या कितीतरी घरांनी तंबाखू पिकवली, विकली, तिच्यावर माड्या चढवल्या. तेव्हा कोणी अष्टमूलगुण काढले नाहीत. मुलीच्या वेळेला बरे आठवतात.

तंबाखूवरून आठवलं. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला शेवटी ऑस्ट्रेलियात सापडलं नाही, निपाणीच्या वखारीत सापडलं. तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या बायका त्या धुळीत वर्षानुवर्षं खोकत राबल्या. मजुरी किरकोळ, आणि मुकादम-मालकांची वागणूक सांगायला लाज वाटावी अशी. एकटी बोलली तर दुसऱ्या दिवशी काम बंद. मग त्यांनी संघटना केली, संप केला, मोर्चे काढले. युगांतर या गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यात त्या बायका स्वतःच बोलतात. घरी त्याच होत्या, वखारीतही त्याच. फरक एवढाच की आता शेजारी दुसरी उभी होती आणि काम सुटलं तर संध्याकाळी चालत घरी जाता येत होतं. कायगुनाहून चालत कुठं जाणार?

हे मी बोलले तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. तिनं कामाबद्दल, बारबद्दल पुढं एक अक्षर काढलं नाही. नातीला एवढंच विचारलं, "राहायची खोली हाय, तिला आतनं कडी हाय का? आणि दुसरी किल्ली कुणाकडं असतीया?"

भाचीनं वही काढली. त्यात आता असं लिहिलेलं आहे: एकटी जायचं नाही, मैत्रीण सोबत. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. पासपोर्ट कोणाच्या हातात द्यायचा नाही. पगार दर आठवड्याला खात्यात, रोखीनं नाही. आधी तिथं काम केलेल्या दोन मुलींशी फोनवर बोलल्याशिवाय हो म्हणायचं नाही. सगळ्यात वर आजीची कडी.

कांदा, बटाटा आणि मांस वगळलं तर रोडहाउसात काय खायचं, हा प्रश्न अजून तसाच आहे. वहिनींनी त्यावर मेतकुटाच्या तीन पुड्या आणि एक छोटा कुकर असं उत्तर काढलंय. पहिल्या सोडतीत तिचं नाव निघालं नव्हतं. ती पुन्हा नाव घालणार आहे.

गेल्या महिन्यात स्तवनिधीहून येताना आम्ही घाटाखाली चहाला थांबलो. टेबल पुसायला आलेला मुलगा अठरा-एकोणीसचा, बोलण्यावरून उत्तरेकडचा. भाऊ कधी कुणाशी बोलत नाही. त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, "गाव कौनसा? रात को सोता कहाँ है?" पोरगा जरा बिचकला. मग त्यानं हॉटेलामागच्या पत्र्याच्या खोलीकडं बोट केलं.